चित्राची साथ

गाण्याच्या कार्यक्रमात मंचामागे एलईडीची भिंत असते. तिच्यावर बहुतेक वेळा आधी तयार करून ठेवलेली चित्रफीत फिरत असते: उमलणारी फुलं, ज्वाळा, सोनेरी कण, मधूनच सौजन्य देणाऱ्यांचे फोटो. गाणं थांबलं तरी फुलं उमलतच राहतात, कारण त्यांना गाण्याची खबरच नसते. हे पुस्तक दुसऱ्या तऱ्हेच्या चित्राविषयी आहे. गायकाने आवाज लावला की ते उजळतं, मृदंगावर थाप पडली की हलतं आणि गाणारा श्वासासाठी थांबला की तेही थांबतं. संगणक चालू गाणं ऐकत असतो आणि ऐकता ऐकता चित्र घडवत असतो. तोच अभंग तीच मंडळी उद्या पुन्हा गायली तरी चित्र हुबेहूब तेच उमटणार नाही, कारण गाणंही हुबेहूब तेच झालेलं नसेल.

ही कला शिकायची तर पुणे-मुंबई गाठावी लागते, महागडी यंत्रं लागतात, असं सर्रास मानलं जातं. मला ते पटत नाही. म्हणूनच हे पुस्तक लिहिताना डोळ्यांसमोर वडवणी ठेवली आहे. बीड–परळी रस्त्यावरचं हे तालुक्याचं गाव. भोवतालचा मुलूख बालाघाटचा, कोरडवाहू शेतीचा आणि ऊसतोडणीला जाणाऱ्यांचा. दसरा-दिवाळी झाली की गावोगावचे कोयते कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि गाळप संपत आलं की परततात. मग पाडव्यापासून पहिल्या पावसापर्यंत गावं गाण्याने भरून जातात. अखंड हरिनाम सप्ताह, जत्रा, लग्नं, जागरण-गोंधळ, एप्रिलमध्ये आंबेडकर जयंतीची भीमगीतं. पुढे गणपती आणि नवरात्र आहेतच. या प्रत्येक ठिकाणी मंडप उभारतात, साउंड लागतो, जनरेटर येतो आणि अलीकडे एलईडीची भिंतही उभी राहते.

हे सगळं उभं करणारी मुलं विशी-पंचविशीतली असतात. मृदंगाच्या माइकला किती बास द्यायचा, महाराजांचा आवाज बसला असेल तर कुठली पट्टी उचलायची, टाळ अंगावर येऊ लागले तर काय दाबायचं, हे ती कानाने ठरवतात. लहानपणापासून हरिपाठाला उभं राहिल्यामुळे ठेका त्यांच्या अंगात मुरलेला असतो. या कलेसाठी लागणारं सर्वांत अवघड भांडवल त्यांच्यापाशी आधीच आहे. संगणकाचा भाग शिकवता येतो आणि तो या पुस्तकात क्रमाने शिकवला आहे. पण त्याआधी या कामाकडे कोणत्या नजरेने बघायचं ते सांगणं मला अधिक गरजेचं वाटतं. माझं म्हणणं एवढंच आहे: मंचामागचं चित्र ही साथ आहे. पेटीची साथ असते, मृदंगाची असते, तशीच ही चित्राची. साथीला जे नियम लागू आहेत ते सगळे इथेही लागू आहेत.

गाण्याला चित्राची जोड देणं मराठी मुलखाला नवं नाही. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा जपली आहे. रामायण-महाभारतातल्या प्रसंगांच्या रंगवलेल्या चित्रांची पोथी असते. कथेकरी एकेक चित्र प्रेक्षकांसमोर धरतो आणि वाद्यांच्या साथीवर गात गात कथा सांगतो. गाण्यात प्रसंग बदलला की चित्र बदलतं. पुढचं चित्र कोणत्या ओळीवर उलटायचं, हे गाणाऱ्याच्या हातातच ठरतं. ही परंपरा टिकवणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ मध्ये ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं दिव्याच्या उजेडाने पडद्यावर पडत. त्यांतल्या आकृती हलत्या भासाव्यात म्हणून काचा सरकवण्याच्या युक्त्या योजलेल्या असत, आणि सोबत निवेदन आणि गाणं चाले. भारतात सिनेमा पोचण्याच्या चार वर्षं आधीची ही गोष्ट. प्रसंगाचा रंग ओळखून काच सरकवणारा तो हात म्हणजे आजच्या दृश्यकाराचा पूर्वजच.

आपल्याच बीड जिल्ह्यात, अंबाजोगाईला, दासोपंतांची पासोडी आहे. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापडावर त्यांनी वेदान्तातल्या पंचीकरणाचा विषय अक्षरांतून आणि आकृत्यांतून मांडला. लांबरुंद कापडाच्या पटावर आशय मांडण्याची ही रीत चारशे वर्षांपूर्वीची आहे. गोंधळात संबळ आणि तुणतुण्यासोबत दिवटी तेवते. ती केवळ उजेडासाठी नसते. तिच्याशिवाय गोंधळ उभा राहत नाही. उजेड हाही विधीचा आणि गाण्याचा भाग आहे, हे आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

बाहेरच्या जगातही या कल्पनेचा इतिहास मोठा आहे. फ्रान्समध्ये लुई-बर्त्रां कास्तेल या पाद्र्याने १७२५ मध्ये सुरासोबत रंग दाखवणाऱ्या वाद्याची कल्पना मांडली. जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट क्लाडनी याने १७८७ मध्ये वाळू पसरलेल्या धातूच्या पत्र्यावर व्हायोलिनच्या गजाने सूर काढून दाखवला, तेव्हा वाळू आपोआप रेषांत गोळा झाली आणि प्रत्येक सुराची वेगळी आकृती उमटली. रशियन संगीतकार स्क्रिआबिन याने ‘प्रोमेथियस’ या १९१० च्या रचनेत रंगीत प्रकाशासाठी स्वतंत्र ओळ लिहिली. वादकाने जसे सूर वाजवायचे तसे दुसऱ्या कुणी तरी रंग वाजवायचे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट नाट्यगृहात जोशुआ लाइट शो हा चमू काचेच्या थाळ्यांत तेल आणि रंगीत पाणी घेऊन, बँड वाजत असताना ते हाताने हलवून पडद्यावर टाकत असे. इकडे मुंबईत चित्रकार अकबर पदमसी यांनी १९७० मध्ये ‘सिझिजी’ हा मूक चित्रपट केला. त्यातल्या रेषा आणि आकृत्या आकड्यांच्या नियमांतून निघाल्या होत्या. १९७७ मध्ये अटारी कंपनीने हाय-फाय स्टिरिओला जोडून टीव्हीवर आकृत्या दाखवणारी पेटी विकायला आणली. १९९७ मध्ये संगणकावर गाणी वाजवणारं विनॲम्प आलं आणि २००१ मध्ये त्यात गाण्यावर चित्र हलवणारं रायन गाइस याचं मिल्कड्रॉप. सायबर कॅफेत बसून गाण्यावर वळणारे ते रंगीत भोवरे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहेत. एकच फरक लक्षात ठेवावा. स्क्रिआबिनचा प्रकाशवादक लिहिलेली ओळ वाजवणारा होता आणि फिलमोर ईस्टमधले थाळीवाले गाणं ऐकून हात हलवत होते. अटारीच्या पेटीत आणि विनॲम्पमध्ये ऐकण्याचं काम यंत्राकडे गेलं. यंत्र ऐकतं म्हणजे नेमकं काय करतं, हे कळल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

माइकमधून आलेला आवाज संगणकात आकड्यांची रांग होऊन शिरतो. साधारणपणे एका सेकंदाला ४८,००० आकडे. त्यांतले १,०२४ आकडे एका वेळी उचलून संगणक विचारतो: यात खर्जाचा भाग किती, मधला किती, टिपेचा किती? कोणताही गुंतागुंतीचा कंप साध्या कंपांच्या बेरजेत मांडता येतो, हे फ्रेंच गणिती फूरिये याने १८२२ च्या ग्रंथात उष्णतेचा अभ्यास करताना मांडलं. ते गणित संगणकाला झटपट करता यावं अशी रीत कूली आणि टुकी यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केली. आज मोबाइलसुद्धा हे काम सेकंदात कितीतरी वेळा करतो. हाती येतात ते निव्वळ आकडे: या पट्ट्यात एवढी ताकद, त्या पट्ट्यात तेवढी. संगणकाला अभंग कळत नाही, सम कळत नाही, विरह आणि गजर यांतला फरक कळत नाही. कोणत्या आकड्याने चित्रात काय हलावं, हे माणसाने ठरवायचं असतं.

या गणितात एक अटळ देवाणघेवाण आहे. १,०२४ आकड्यांचा घास घेतला तर तो २१ मिलिसेकंदांत भरतो, म्हणून ठोका लगेच पकडता येतो. पण दोन शेजारच्या पट्ट्यांत सुमारे ४७ हर्ट्झचं अंतर राहतं आणि खर्जातले जवळचे सूर एकमेकांत मिसळून जातात. ४,०९६ आकडे घेतले तर अंतर १२ हर्ट्झच्या आत येतं, सूर नीट ओळखू येतो, पण तोवर ८५ मिलिसेकंद गेलेले असतात आणि ठोका शिळा झालेला असतो. सूर बारकाईने ऐकायचा तर सवड द्यावी लागते, ठोका झेलायचा तर बारकाई सोडावी लागते. म्हणून या पुस्तकातल्या प्रत्येक पाठात आधी एकच प्रश्न विचारला आहे: आज या गाण्यात तुम्ही सूर झेलणार आहात की ठोका?

आता खरी अडचण. इंटरनेटवर मिळणारे बहुतेक तयार नमुने पाश्चात्त्य नृत्यसंगीतासाठी बनवलेले आहेत. त्यात खर्जाचा ढोल ठरावीक अंतराने पडतो, वेग पूर्ण गाण्यात एकच असतो आणि चार-चार मात्रांचे गट असतात. असा नमुना सप्ताहातल्या कीर्तनाला जोडला की चित्र वेडंवाकडं धावू लागतं. दोष कीर्तनाचा नसतो. आपल्या वाद्यांचा स्वभाव वेगळा आहे, आणि तो समजून घेणं हाच या पुस्तकाचा गाभा आहे.

पखवाज, म्हणजे वारकऱ्यांचा मृदंग, घ्या. त्याच्या डाव्या पुडीला कणीक लावतात आणि तिचा नाद घुमतो. उजव्या पुडीवर शाई असते. सी. व्ही. रामन आणि एस. कुमार यांनी १९२० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिलं की, साध्या चामड्याचे उपनाद बेसूर असतात, पण मध्ये शाईचा भार दिलेल्या आपल्या चर्मवाद्यांचे उपनाद सुरेल नात्यात बसतात. तबला-पखवाज सुरात लावता येतात ते त्यामुळेच. परदेशी नमुना ‘ढोल म्हणजे गोंगाट, सूर म्हणजे गाणं’ अशी वाटणी करतो. पखवाजाच्या उजव्या पुडीवरची थाप त्याला सूर वाटते आणि तो ती गायकाच्या खात्यात टाकतो. उपाय सोपा आहे, पुढे सांगितला आहे. पण तो सुचायला पखवाज कसा वाजतो ते माहीत असावं लागतं.

टाळांची गोष्ट वेगळी. दहा-वीस टाळकरी एकदम वाजवू लागले की वरचे पट्टे भरून वाहतात आणि वाहतच राहतात. ‘वरच्या पट्ट्यात आवाज वाढला की चमक दाखव’ असा नियम केला तर चमक एकदा लागते ती विझतच नाही. तिथे आवाज किती आहे ते न मोजता मागच्या क्षणापेक्षा किती बदलला ते मोजायचं. हलगीला ही रीत अगदी मानवते. शेकून ताणलेल्या कातड्यावर काडी पडताच आवाज सगळ्या पट्ट्यांत एकदम फुटतो आणि लगेच विरतो, म्हणून बदल मोजणारा नियम तिचा प्रत्येक ठोका अचूक टिपतो. संबळात दोन भांडी असतात, एकाचा आवाज घुमारदार आणि दुसऱ्याचा कडक. खालचा आणि वरचा पट्टा वेगळा काढला की दोन हातांचा संवाद पडद्यावर स्वच्छ दिसतो. वीणा आणि एकतारी सतत चालू असतात. त्यांच्यावर हालचाल बांधू नये. पार्श्वभूमीचा मंद उजेड बांधावा.

आणि लय. भजन विलंबित सुरू होतं, हळूहळू चढतं, गजरात दुप्पट होतं, मग एकदम खाली येतं. एका मिनिटाला अमुक ठोके असं गृहीत धरणारी आज्ञावली या चढाच्या मध्येच गोंधळते. कधी वेग निम्मा धरते, कधी दुप्पट. माझा सल्ला असा की ठोके यंत्राने मोजावेत आणि सम माणसाने द्यावी. एखाद्या छोट्या मिडी पॅडवर किंवा नुसत्या कीबोर्डच्या कळीवर बोट ठेवून आवर्तनाच्या समेला दाबावं. पडद्यावरचा मोठा बदल, म्हणजे रंग पालटणं, आकृती उलगडणं, त्या दाबावरच व्हावा. मधली थरथर यंत्राची, समेचा निर्णय तुमचा. ज्याला समेची वाट बघता येते त्याचं चित्र पहिल्याच कार्यक्रमात वेगळं दिसतं.

साहित्याबद्दल फार घाबरायचं कारण नाही. एलईडीच्या भिंतीचं गणित करून पाहू. ३.९१ मिलिमीटर पिचचं अर्धा मीटर चौरस पॅनेल १२८ गुणिले १२८ बिंदूंचं असतं. आडवी आठ आणि उभी चार पॅनेल लावली की चार मीटर रुंद, दोन मीटर उंच भिंत होते आणि तिच्यावर १,०२४ गुणिले ५१२, म्हणजे सव्वापाच लाखांच्या आसपास बिंदू असतात. साध्या फुल एचडी टीव्हीवर वीस लाखांहून जास्त असतात. म्हणजे गावच्या मंचावरच्या भिंतीसाठी संगणकाला टीव्हीच्या चौथाईएवढंच चित्र काढायचं आहे. काही वर्षं वापरलेला लॅपटॉपही ते करतो. आज्ञावलीही फुकट मिळतात. केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१ मध्ये सुरू केलेलं प्रोसेसिंग, मिलर पकेट यांचं प्युअर डेटा आणि ब्राउझरमध्येच चालणारं ऑलिव्हिया जॅक यांचं हायड्रा हे तिन्ही मोफत आणि खुले आहेत. टचडिझायनरची मोफत आवृत्ती १,२८० गुणिले १,२८० बिंदूंपर्यंत चालते. वरच्या भिंतीला ती पुरते, मात्र पैसे घेऊन कार्यक्रम करायचा असेल तर तिचा परवाना विकत घ्यावा लागतो. या पुस्तकातले पाठ प्रोसेसिंग आणि हायड्रावर बेतले आहेत, म्हणजे शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी खिशात हात घालावा लागणार नाही. एलईडी परवडत नसेल तर पांढरं धोतर ताणून त्यावर प्रोजेक्टर टाकावा. रात्रीच्या कीर्तनाला ते चालतं.

खरा जीव आवाज कुठून घेता यात आहे. लॅपटॉपच्या माइकवर विसंबू नये. त्यात मंडपातली गडबड, जनरेटरची घरघर आणि शेजारच्या माणसाचं बोलणंही येतं. साउंडवाल्याकडून मिक्सरची ऑक्स लाइन मागून घ्यावी, आणि ती फेडरच्या आधीची मागावी, म्हणजे त्याने मैदानासाठी आवाज कमी-जास्त केला तरी तुमचं चित्र ढळत नाही. जमलं तर दोन लाइन घ्याव्यात: डाव्या बाजूला महाराजांचा आवाज, उजव्या बाजूला मृदंग. एवढं केलं की आवाजातून वाद्यं वेगळी काढण्याचं निम्मं अवघड गणित नाहीसं होतं. वायरच्या मध्ये डीआय बॉक्स टाकावा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, आणि अर्थिंग बिघडलं की तीच हम होऊन लाइनमध्ये शिरते. हा ५० आणि १०० हर्ट्झचा गुणगुणाट नेमका पखवाजाच्या डाव्या पुडीच्या शेजारी येऊन बसतो. कुणी वाजवत नसताना चित्र थरथरत असेल तर आज्ञावलीत दोष शोधण्याआधी वायर तपासावी. लॅपटॉपला बॅटरी असते, एलईडीच्या प्रोसेसरला नसते; लाइट जाऊन जनरेटर चालू होईपर्यंतच्या काही सेकंदांसाठी त्याला छोटा यूपीएस द्यावा. एप्रिल-मेच्या उन्हात लॅपटॉप तापला की आपला वेग आपणच उतरवतो, म्हणून दुपारची जुळणी सावलीत करावी.

चित्राला उशीर होतो, त्याचाही विचार हवा. आवाज मोजायला २१ मिलिसेकंद, सेकंदाला ६० चौकटींच्या हिशेबाने चित्र काढायला १७, पुढे एलईडीच्या प्रोसेसरचे आणखी काही. सगळे मिळून ७० मिलिसेकंद सहज होतात. प्रसारणासाठीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी आला तर माणसाला जाणवू लागतं, पण १२५ मिलिसेकंद मागून आला तरी चालून जातं. उन्हाळ्याच्या रात्री आवाज सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो. स्पीकर मंचाशेजारी असतील तर ३५ मीटरवर बसलेल्या माणसाला तो १०० मिलिसेकंदांनी पोचतो आणि उजेड तत्काळ पोचतो. म्हणजे दहा मीटरच्या पुढे बसलेल्या श्रोत्याला चित्राचा उशीर कळतच नाही. तो पुढच्या रांगांना आणि मंचावरच्यांना कळतो. जुळणी तपासायची ती मंचाजवळ उभं राहून नव्हे, मंडपाच्या मध्यावर जाऊन.

आता साथीची शिस्त. चांगला मृदंगवादक निरूपण चालू असताना हात आवरून बसतो. महाराज दृष्टान्त सांगत असतील तेव्हा चित्र स्थिर असावं. अंधुक असावं, वेळ पडली तर बंद असावं. अभंगाचं चरण घोळवलं जाईल तेव्हा चित्राने अंग धरावं आणि गजराला पूर्ण खुलावं. एका वेळी एकच नातं ठेवावं: आवाज चढला की उजेड वाढेल, किंवा सूर वर गेला की रेषा वर जाईल. चार नाती एकदम जोडली की प्रेक्षकाला एकही कळत नाही. विठ्ठलाची किंवा ज्ञानोबांची प्रतिमा ठेक्यावर उड्या मारताना कधीही दाखवू नये. बाबासाहेबांचं छायाचित्र ढोलासरशी फुगतं-आटतं करू नये. प्रतिमा स्थिर राहू द्यावी आणि तिच्या मागचा उजेड गाण्याला उत्तर देऊ द्यावा. यात श्रद्धेचा मान आहे आणि चित्रकलेची समजही आहे, कारण स्थिर गोष्टीमुळेच हलती गोष्ट डोळ्यांत भरते. चित्रांसाठी परदेशी बोगदे आणि निऑनचे त्रिकोण उसने आणायची गरज नाही. बालाघाटच्या टेकड्यांची कड, ज्वारीचं कणीस, गोधडीचे टाके, रांगोळीचे ठिपके, मोडीचं वळण, या सगळ्यांत भूमिती ठासून भरलेली आहे आणि ती आकड्यांवर सहज हलते.

सुरक्षेचं प्रकरण मी मुद्दाम पुस्तकाच्या सुरुवातीला ठेवलं आहे. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये दूरचित्रवाणीवरच्या एका कार्टूनमधल्या झपाट्याने होणाऱ्या लाल-निळ्या उघडझापीमुळे शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं. पूर्ण पडद्याची उघडझाप सेकंदाला तीनदापेक्षा जास्त होऊ नये, हा नियम टीव्हीइतकाच इथेही पाळायचा. हलगीच्या प्रत्येक ठोक्याला पडदा पांढरा करण्याचा मोह होतो. तो आवरावा, ठोका उजेडाऐवजी हालचालीत दाखवावा. लोकांवर लेझर सोडणं या पुस्तकात कुठेही शिकवलेलं नाही. २०२३ च्या गणेश विसर्जनानंतर लेझरमुळे डोळ्यांच्या पडद्याला इजा झाल्याच्या बातम्या महाराष्ट्राने वाचल्या आहेत. गेलेली नजर परत आणता येत नाही, आणि कोणतीही रोषणाई तेवढ्या मोलाची नसते.

आवाजाच्या बाबतीत तर हे चित्र मोठी मदत करू शकतं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकावर बंदी आहे आणि वस्तीत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. तरीही आवाज वाढवण्याची चढाओढ चालूच राहते, कारण ताकद दाखवण्याचा दुसरा मार्ग कुणाला सुचलेला नसतो. मिक्सरच्या वायरमधून येणारा संदेश स्पीकर किती मोठा आहे हे बघत नाही. स्पीकर अर्ध्यावर असला तरी भिंतीवरचं चित्र तेवढ्याच जोमाने उसळतं. मैदानात बसलेल्याला भव्यता डोळ्यांतून मिळू लागली तर छातीत धडकी भरवणाऱ्या स्पीकरच्या भिंतींची गरज कमी होईल. घरात आजारी माणसं आणि परीक्षेची मुलं असलेल्या प्रत्येक गल्लीला याचा फायदा आहे. मंडळांनी हे मनावर घ्यावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पुस्तकाची मांडणी अशी आहे. सुरक्षेनंतरची प्रकरणं ऐकण्याची आहेत. त्यांत संगणक उघडायचाच नाही. मोबाइलवर किंवा मिक्सरमधून हरिपाठ, कीर्तन, गोंधळ, भीमगीत ध्वनिमुद्रित करायचं आणि सम, चढ, विसावा, गजर यांच्या जागा कागदावर मांडायच्या. त्यानंतर आकड्यांची ओळख, मग एक रेषा, एक वर्तुळ, एक रंग आवाजावर हलवण्याचे पाठ. त्यापुढे वाद्यावार प्रकरणं आहेत आणि शेवटी पूर्ण कार्यक्रमाची आखणी. लाइटचे दिवे संगणकाशी जोडण्यासाठी १९८६ पासून चालत आलेली डीएमएक्स पद्धत स्वतंत्र प्रकरणात घेतली आहे, कारण मंडपातल्या बहुतेक पार लाइटना ती आधीच कळते. प्रत्येक पाठ ध्वनिमुद्रणावर घरी करून पाहायचा आणि मगच मंचावर न्यायचा. तालीम न करता साथीला बसणाऱ्याला कोणताही बुवा जवळ करत नाही.

हे शिकताना मुली मागे राहू नयेत, हेही सांगितलं पाहिजे. मंडपाचा धंदा आजवर पुरुषांच्या हातात राहिला तो लोखंड उचलायच्या कामामुळे. या कामात उचलायचं असतं ते लॅपटॉप आणि वायर. भजनी मंडळात पेटीवर बसणाऱ्या, हरिपाठ तोंडपाठ असणाऱ्या, कॉलेजात संगणक शिकणाऱ्या मुली वडवणी, माजलगाव, धारूर, परळी इथे आहेत. संगीताची आणि आकड्यांची जाण ज्यांच्यात एकत्र आली आहे अशा या मुलींना घरच्यांनी आणि मंडळांनी या कामावर बसवावं.

सप्ताहाची पत्रिका छापताना कीर्तनकारांच्या नावाखाली मृदंगाचार्य, गायनाचार्य, विणेकरी यांची नावं आदराने छापतात. साउंड आणि लाइटचं नाव खाली कोपऱ्यात, मंडपाच्या जाहिरातीशेजारी येतं. चित्र करणाऱ्याचं नाव वरच्या ओळीत जावं असं मला वाटतं. ते मागून मिळणार नाही. ज्या दिवशी एखादे मृदंगाचार्य कार्यक्रमानंतर सांगतील की पडद्याकडे बघून मला ठेका धरायला बळ आलं, त्या दिवशी ते नाव पत्रिकेत आपोआप चढेल. तेवढी योग्यता अंगी आणायला लागणारा कान या तालुक्यात आहे, गाणं आहे, आणि यंत्र आता सगळ्यांच्या आवाक्यात आहे. उरलेली मेहनत कशी करायची ते पुढच्या पानांत सांगितलं आहे.